प्रकाश-प्रतिसादाचे शमन : फळमाशीच्या नेत्रपेशींवरील संशोधनाचा इतिहास

नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर परिसर केळीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तेथे काय किंवा लातूरच्या फळबाजारात काय, पिकून मऊ पडलेल्या केळ्यांभोवती जी बारीक, तांबड्या डोळ्यांची चिलटे घोटाळत असतात, त्यांतील पुष्कळशी ड्रॉसोफिला या प्रजातीची असतात. प्राणिशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत यांनाच फळमाशी म्हटले जाते. आंबा, पेरू आणि दोडक्या-काकडीसारखी वेलफळे यांत अंडी घालून नासाडी करणारी जी कीड शेतकऱ्याच्या बोलण्यात फळमाशी म्हणून येते, ती निराळ्या कुळातील होय. ड्रॉसोफिला आंबू लागलेल्या फळांतील किण्वावर उपजीविका करते आणि गृहिणीच्या त्राग्यापलीकडे तिचा फारसा उपद्रव नाही. परंतु गेल्या शंभराहून अधिक वर्षांत आनुवंशिकीच्या ज्ञानात या क्षुद्र जीवाने जी भर घातली आहे, तिला तोड नाही. त्या ज्ञानाचे एक प्रकरण येथे मांडावयाचे आहे.

प्रकाशाचा किरण डोळ्यावर पडला की नेत्रपेशी उद्दीपित होते, हे सर्वविदित आहे. प्रकाश नाहीसा होताच ते उद्दीपन थांबते, हेही प्रत्येकाच्या अनुभवाचे आहे. मात्र ते आपोआप थांबते, अशी जी सर्वसाधारण समजूत असते, ती बरोबर नाही. दिवा मालवला म्हणजे खोलीतील उजेड जातो, कारण उजेड टिकवून धरणारे तेथे काही उरत नाही. नेत्रपेशीची गोष्ट तशी नाही. एकदा प्रकाशाने जागे केलेले रेणू प्रकाश गेल्यावरही कार्यरत राहू शकतात. त्यांना एकेक करून आवरावे लागते. हे आवरण्याचे काम करणारी स्वतंत्र यंत्रणा पेशीत असते आणि ती बिघडल्यास दृष्टी मंदावते, इतकेच नव्हे तर पेशी मरते. उद्दीपनाचा प्रारंभ कसा होतो, या प्रश्नाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष प्रथम गेले. त्याचा शेवट कसा होतो, हा प्रश्न बराच उशिरा आणि काहीसा अवचित पुढे आला.

माशीचा डोळा

माशीचा संयुक्त डोळा सुमारे ७५० ते ८०० नेत्रिकांचा बनलेला असतो. प्रत्येक नेत्रिकेत आठ प्रकाशग्राही पेशी असतात. या पेशीच्या एका कडेला पेशीपटलाच्या बारीक घड्या पडून दाट कुंचल्यासारखी रचना तयार झालेली असते. तिच्यात सुमारे ३०,००० सूक्ष्मांकुर असतात आणि त्या प्रत्येकाची लांबी एक ते दोन मायक्रॉन इतकीच असते. ऱ्होडॉप्सिन हे प्रकाश शोषणारे रंगद्रव्य याच अंकुरांच्या पटलात रोवलेले असते.

प्रकाशाचा एक कण ऱ्होडॉप्सिनच्या एका रेणूत शोषला गेला की त्या रेणूतील रेटिनल-गटाचा आकार बदलतो आणि मेटाऱ्होडॉप्सिन हे त्याचे सक्रिय रूप तयार होते. ते एका जी-प्रथिनाला जागे करते. जी-प्रथिन फॉस्फोलिपेझ-सी या विकराला. आणि हा विकर पेशीपटलातील एका विशिष्ट स्निग्ध पदार्थाचे विघटन करतो. परिणामी पटलातील मार्ग उघडून कॅल्शियम व सोडियम यांचे आयन आत शिरतात आणि पेशीचा विद्युत् विभव बदलतो. मनुष्याच्या नेत्रपटलातील पेशींत प्रकाशामुळे आयनमार्ग बंद होतात. माशीत ते उघडतात. हा भेद मोठा असला तरी ऱ्होडॉप्सिन आणि जी-प्रथिन यांची जोडी दोहोंकडे आढळते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. सबंध प्रक्रिया काही सहस्रांश सेकंदांत सुरू होते. अशा प्रकारच्या संदेशवहनाची जी उदाहरणे ज्ञात आहेत, त्यांत माशीची नेत्रपेशी सर्वांत वेगवान मानली जाते.

हा वेग केवळ प्रारंभाच्या त्वरेवर अवलंबून नाही, हे थोडा विचार केल्यास ध्यानी येईल. उडत्या माशीच्या डोळ्यासमोरून दृश्य सतत सरकत असते. एका क्षणाचा प्रतिसाद विरण्यापूर्वी दुसऱ्या क्षणाचा प्रकाश आला, तर दोन्ही प्रतिमा एकमेकींत मिसळून जातील. म्हणून लवकर थांबणे हे लवकर सुरू होण्याइतकेच, किंबहुना अधिक, महत्त्वाचे ठरते.

पूर्वपीठिका

कोलंबिया विद्यापीठात टॉमस हंट मॉर्गन यांना १९१० मध्ये तांबड्या डोळ्यांच्या माश्यांत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर आढळला. त्यावरून लिंगसंबद्ध आनुवंशिकतेचा जो शोध लागला, तो सुपरिचित आहे. मॉर्गन यांना १९३३ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु याच पांढऱ्या डोळ्याच्या माशीने पुढे दृष्टिविज्ञानाचीही सेवा केली. नेत्रिकांना एकमेकींपासून झाकणारे रंगकण तिच्या डोळ्यात नसल्यामुळे बाहेरून टाकलेला प्रकाश सर्व नेत्रपेशींपर्यंत विनाअडथळा पोहोचतो. हेख्ट आणि वॉल्ड यांनी १९३४ मध्ये ड्रॉसोफिलाच्या दृष्टीची सूक्ष्मता मोजली. यांपैकी जॉर्ज वॉल्ड यांना दृष्टीच्या रसायनावरील संशोधनासाठी १९६७ चे नोबेल पारितोषिक हार्टलाइन आणि ग्रॅनिट यांच्यासमवेत मिळाले. तथापि त्या काळापर्यंत दृष्टीचा अभ्यास मुख्यतः भौतिक आणि रासायनिक पद्धतींनी होत असे. जनुकांत बिघाड घडवून आणून डोळ्याचे कार्य उलगडावे, ही कल्पना अद्याप रूढ झाली नव्हती.

ती रूढ झाली १९६७ ते १९६९ या अल्प अवधीत. भौतिकशास्त्राकडून जीवशास्त्राकडे वळलेले सीमूर बेन्झर यांनी कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथे फळमाशीच्या वर्तनाचा अभ्यास हाती घेतला. माशी स्वभावतः प्रकाशाकडे धावते. जी धावत नाही तिच्यात काही दोष असला पाहिजे, या साध्या विचारावर त्यांनी परीक्षानळ्यांच्या मालिकेचे एक उपकरण तयार केले आणि १९६७ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. रसायनांच्या योगे जनुकांत बदल घडवून अशा दोषी माश्या वेगळ्या काढावयाच्या आणि त्यांच्या डोळ्यांचा विद्युत्-आलेख घ्यावयाचा, अशी ही पद्धती होती. १९६९ मध्ये एकाच वर्षात तीन निरनिराळ्या ठिकाणांहून या विषयावरील निबंध प्रसिद्ध झाले : होट्टा आणि बेन्झर यांचा, पर्ड्यू विद्यापीठातील विल्यम पाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, आणि एडिंबरो येथील कोझेन्स व मॅनिंग यांचा.

त्याच सुमारास मराठवाड्यातील उच्च शिक्षणाची स्थिती काय होती, हे पाहणे उद्बोधक आहे. १९४८ पर्यंत हा प्रदेश हैदराबाद संस्थानात होता आणि तेथील विद्यापीठ १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया हे होते. संस्थान विलीन झाल्यानंतर १९५० मध्ये नांदेड येथे पीपल्स कॉलेज निघाले. १९५८ मध्ये औरंगाबाद येथे मराठवाडा विद्यापीठाची स्थापना झाली. १९६१ मध्ये लातूरला दयानंद महाविद्यालय सुरू झाले. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यात होते. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ मध्ये झाला. नांदेड येथील स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये अस्तित्वात आले. म्हणजे फळमाशीच्या डोळ्याचे पहिले दोषी आलेख प्रसिद्ध होत होते, तेव्हा या भागातील महाविद्यालयांत विज्ञानशिक्षणाची घडी नुकतीच बसत होती.

दोषांतून झालेला बोध

एडिंबरोच्या माशीचे वैशिष्ट्य असे की, मंद प्रकाशात ती निर्दोष माशीप्रमाणे वागे. परंतु प्रखर प्रकाश सतत पडत राहिल्यास ती आंधळ्यासारखी होई. तिच्या डोळ्याचा प्रतिसाद सुरू होई. पण प्रकाश चालू असतानाच ओसरून जाई. १९७५ मध्ये मिंके, वू आणि पाक यांनी या क्षणजीवी प्रतिसादावरून या दोषाला जे नाव दिले, त्याच्या आद्याक्षरांवरून ते जनुक 'टी-आर-पी' म्हणून ओळखले जाऊ लागले. माँटेल आणि रूबिन यांनी १९८९ मध्ये या जनुकाची रचना उलगडली. आणि हार्डी व मिंके यांनी १९९२ मध्ये दाखवून दिले की, प्रकाशाने उघडणारा कॅल्शियमचा मार्ग तो हाच होय. या एका माशीपासून आयनमार्गांचे एक मोठे घराणे उजेडात आले. त्याच घराण्यातील एका मार्गाच्या द्वारे मनुष्याच्या त्वचेला उष्णतेची जाणीव होते. त्या शोधाबद्दल डेव्हिड ज्यूलियस यांना २०२१ च्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला.

पाक यांच्या प्रयोगशाळेतून एक नवी चाळणी निघाली. तिचा आधार असलेली घटना प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाची आहे. माशीचे मेटाऱ्होडॉप्सिन मनुष्याच्या मेटाऱ्होडॉप्सिनप्रमाणे काही काळाने विघटित होत नाही. ते टिकाऊ असते. निळा प्रकाश ऱ्होडॉप्सिनचे मेटाऱ्होडॉप्सिन करतो आणि नारिंगी प्रकाश मेटाऱ्होडॉप्सिनचे पुन्हा ऱ्होडॉप्सिन करतो. पांढऱ्या डोळ्याच्या माशीवर प्रखर निळा प्रकाश टाकून तो बंद केला, तर प्रकाश गेल्यावरही नेत्रपेशीचे उद्दीपन दीर्घकाळ चालू राहते. आणि नारिंगी प्रकाश टाकताच ते थांबते. यास दीर्घ उत्तर-विभव असे म्हणता येईल. दिवा मालवला असूनही डोळा प्रकाशच पाहत आहे, अशी ही अवस्था होय.

ज्या माश्यांत ही अवस्था उत्पन्न होत नाही, त्या माश्या निवडून त्यांच्या दोषांचे वर्गीकरण पाक यांनी केले. 'निना' आणि 'इना' या नावांनी ओळखली जाणारी जनुके याच वर्गीकरणातून आली. त्यांतील निना-ई हे ऱ्होडॉप्सिनचेच जनुक असल्याचे १९८५ मध्ये निश्चित झाले. पूर्वी मिळालेले नॉर्प-ए हे जनुक, ज्याच्या अभावी माशीला प्रकाशाचा प्रतिसादच येत नाही, ते फॉस्फोलिपेझ-सी या विकराचे असल्याचे १९८८ मध्ये सिद्ध झाले. अशा रीतीने प्रारंभाची साखळी हळूहळू जुळत गेली.

परंतु उत्तर-विभवाने एक प्रश्न मागे ठेवला होता. मेटाऱ्होडॉप्सिन जर टिकाऊ आहे, तर साध्या प्रकाशात प्रतिसाद काही सहस्रांश सेकंदांत कसा थांबतो? आणि प्रखर निळ्या प्रकाशानंतर तो का थांबत नाही? कोणता तरी पदार्थ मेटाऱ्होडॉप्सिनला झाकून टाकत असला पाहिजे आणि त्याचा साठा मर्यादित असला पाहिजे, हे अनुमान त्यातून निघते.

अरेस्टिन

तो पदार्थ प्रथम गाईच्या डोळ्यात सापडला. हेर्मान क्यून यांनी १९७० आणि १९८० च्या दशकांत दाखविले की, प्रकाशित ऱ्होडॉप्सिनवर एक विकर प्रथम फॉस्फेटचे गट चढवतो आणि नंतर एक विशिष्ट प्रथिन त्याला चिकटून त्याचे काम बंद पाडते. उद्दीपनास अटकाव करणाऱ्या या प्रथिनाला अरेस्टिन हे नाव मिळाले. १९९० मध्ये तशीच दोन प्रथिने फळमाशीच्या डोळ्यात आढळली. त्यांपैकी अरेस्टिन-२ हे विपुल होते.

डॉल्फ, झूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये अरेस्टिनचे जनुक बिघडलेल्या माश्या मिळविल्या. त्यांच्या नेत्रपेशी प्रकाशाला प्रतिसाद देत. पण तो प्रतिसाद थांबता थांबत नसे. शिवाय, अरेस्टिन कमी असलेल्या माशीत अल्प प्रकाशानेही दीर्घ उत्तर-विभव उत्पन्न होई. यावरून पूर्वीचे अनुमान खरे ठरले : अरेस्टिनचा एक रेणू मेटाऱ्होडॉप्सिनच्या एका रेणूस आवरतो, आणि मेटाऱ्होडॉप्सिनची संख्या अरेस्टिनहून अधिक झाली की उरलेले रेणू मोकाट राहतात. जणू वरातीतील घोडे अधिक आणि मोतद्दार कमी.

येथे एक चूक होण्याचा संभव होता. गाईच्या डोळ्यात अरेस्टिन चिकटण्यापूर्वी फॉस्फेट लागते, म्हणून माशीतही तसेच असणार, असे मानणे स्वाभाविक होते. प्रयोगांनी ते खोटे ठरविले. माशीच्या ऱ्होडॉप्सिनवर फॉस्फेट चढत असले तरी अरेस्टिन-२ ला चिकटण्यासाठी त्याची आवश्यकता नसते. ते फॉस्फेट काढून टाकणारा विकर आर-डी-जी-सी या जनुकापासून बनतो, हे १९९२ मध्ये कळले होते. त्याच्या अभावी माशीचे नेत्रपटल प्रकाशात झिजून जाते. तेव्हा फॉस्फेटचे महत्त्व आहेच. परंतु ते प्रतिसाद थांबविण्यात नसून थांबल्यानंतरच्या आवराआवरीत आहे. दोन प्राण्यांत समान प्रथिने आढळली म्हणून त्यांचा उपयोगही समानच असतो असे नाही, हा धडा या प्रकरणातून मिळाला.

कॅल्शियमचे दुहेरी कार्य

अरेस्टिनचा शोध हा या कथेचा शेवट नव्हता. प्रतिसाद थांबावयाचा तर मेटाऱ्होडॉप्सिन, जी-प्रथिन, विकर, त्याने निर्मिलेला पदार्थ आणि आयनमार्ग अशा प्रत्येक पायरीवर लगाम पाहिजे. हे लगाम एकेक करून सापडत गेले. इना-सी हे जनुक प्रोटीन-कायनेझ-सी या विकराचे असल्याचे १९९१ मध्ये निश्चित झाले. ते बिघडल्यास प्रतिसाद वेळेवर विरत नाही. १९९७ मध्ये स्कॉट, झूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले की, कॅल्शियमशी संयोग पावणारे कॅल्मोड्युलिन हे प्रथिन एकीकडे आयनमार्गांवर आणि दुसरीकडे ऱ्होडॉप्सिनवर नियंत्रण ठेवते आणि त्याचा तुटवडा झाल्यास प्रतिसादाचे शमन मंदावते. त्याच वर्षी इना-डी या प्रथिनाचे कार्य स्पष्ट झाले. आयनमार्ग, फॉस्फोलिपेझ-सी आणि प्रोटीन-कायनेझ-सी या तिघांना ते एकत्र बांधून ठेवते, त्यामुळे सुरू करणारे आणि थांबविणारे रेणू शेजारी शेजारी राहतात. २००० मध्ये असेही दिसून आले की, जी-प्रथिनाने जागृत केलेला फॉस्फोलिपेझ-सी हा विकर उलट त्याच जी-प्रथिनाला निद्रिस्त करण्याचे काम करतो. सेवकानेच धन्याला विश्रांती द्यावी, असा हा प्रकार होय.

या सर्वांत कॅल्शियमची भूमिका मध्यवर्ती आहे. आयनमार्ग उघडताच आत शिरणारा कॅल्शियम प्रथम प्रतिसाद वाढवितो आणि लगेच तो थांबविण्यास कारणीभूत होतो. लिऊ, हार्डी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये याचे मोजमाप केले. सक्रिय मेटाऱ्होडॉप्सिनचे आयुष्य नेहमीच्या परिस्थितीत सुमारे २० सहस्रांश सेकंद असते. कॅल्शियमरहित द्रावात ते सुमारे दसपट होते. ऱ्होडॉप्सिन किंवा अरेस्टिन यांवरील फॉस्फेटशी संबंधित दोषांनी यात फरक पडत नाही; परंतु कॅल्मोड्युलिन किंवा निना-सी हे मायोसिन जातीचे प्रथिन बिघडल्यास कॅल्शियमचा हा प्रभाव नाहीसा होतो. यावरून त्यांनी असा निष्कर्ष काढला की, आत आलेला कॅल्शियम कॅल्मोड्युलिन आणि निना-सी यांच्या द्वारे अरेस्टिनला मेटाऱ्होडॉप्सिनपर्यंत लवकर पोहोचू देतो. प्रतिसादाच्या यशातच त्याच्या समाप्तीची आज्ञा दडलेली असते, असे या निष्कर्षाचे तात्पर्य सांगता येईल.

मुंबई आणि बंगळूर

या संशोधनाशी महाराष्ट्राचा संबंध मुंबईच्या द्वारे आला. ग्लासगो येथे पॉन्टेकोर्व्हो यांच्या हाताखाली आनुवंशिकीचे शिक्षण घेतलेले ओबेद सिद्दिकी (१९३२–२०१३) यांना होमी भाभा यांनी पाचारण केले आणि १९६२ मध्ये टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रेण्वीय जीवशास्त्राचा विभाग सुरू झाला. आरंभी तेथे जीवाणूंवर काम चाले. पुढे सिद्दिकी कॅलिफोर्नियात बेन्झर यांच्या प्रयोगशाळेत गेले. तेथे त्या दोघांनी तापमान वाढताच लुळ्या पडणाऱ्या आणि गारवा मिळताच पूर्ववत् होणाऱ्या फळमाश्यांचा अभ्यास केला; त्याचा निबंध १९७६ मध्ये प्रसिद्ध झाला. परतल्यावर सिद्दिकी यांनी मुंबईत फळमाशीच्या मज्जासंस्थेच्या आनुवंशिकीचा पाया घातला. आफ्रिकेत वाढलेल्या, गोमंतकीय कुळातील व्हेरोनिका रॉड्रिग्ज (१९५३–२०१०) यांनी त्यांच्यासमवेत माशीच्या रुची आणि गंध यांच्या संवेदनांवर मूलगामी कार्य केले. याच परंपरेतून १९९० च्या दशकाच्या प्रारंभी बंगळूर येथे राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्र उभे राहिले आणि सिद्दिकी त्याचे पहिले संचालक झाले.

मुंबईच्या विभागाने मुख्यतः चव, वास आणि मज्जातंतूंचे वहन हे विषय हाताळले. दृष्टीच्या शमनाचा प्रश्न या घराण्यात बंगळूर येथे आला. पदिंजत रघू यांनी हार्डी यांच्यासमवेत २००० मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात आर-डी-जी-ए या जनुकाचा दोष असलेल्या माशीचा अभ्यास आहे. फॉस्फोलिपेझ-सीच्या क्रियेतून उत्पन्न होणारा डायअसिल-ग्लिसेरॉल हा पदार्थ खर्ची टाकणारा विकर या माशीत निकामी असतो. त्यामुळे अंधारातही तिचे आयनमार्ग उघडे राहतात आणि पेशी झिजतात. मेटाऱ्होडॉप्सिनला आवरणे पुरेसे नसून त्याच्या प्रभावाने निर्माण झालेला माल उचलणेही तितकेच आवश्यक आहे, हे यावरून स्पष्ट झाले. पुढे रघू यांच्या बंगळूर येथील प्रयोगशाळेने २०१५ मध्ये आर-डी-जी-बी या प्रथिनावरील निबंध प्रसिद्ध केला. खर्च झालेला स्निग्ध पदार्थ पेशीपटलात पुन्हा भरून काढण्याच्या कामी हे प्रथिन स्निग्ध रेणूंची ने-आण करते. होट्टा आणि बेन्झर यांच्या काळात सापडलेल्या झिजणाऱ्या डोळ्याच्या माश्यांचे कोडे चार दशकांहून अधिक काळानंतर एका भारतीय प्रयोगशाळेत असे पुढे सरकले.

जिल्ह्याच्या ठिकाणच्या महाविद्यालयातही फळमाशी आणि प्रकाश यांचा संबंध अभ्यासता येतो, याचे उदाहरण मराठवाड्याच्या सीमेलगतच आहे. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील अहमदनगर महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागात डी. एस. जोशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमालयाच्या उंच भागातील आणि मैदानी प्रदेशातील ड्रॉसोफिला अननासी या जातीच्या वाणांची तुलना केली. कोशातून माशी बाहेर पडण्याची दैनंदिन वेळ प्रकाश आणि तापमान यांनी कशी ठरते, हा त्यांचा विषय होता. २००० नंतरच्या दशकात त्यांचे निबंध आंतरराष्ट्रीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. त्यांचा प्रश्न नेत्रपेशीतील शमनाचा नव्हता. परंतु बेताच्या साधनांनिशी नेटका प्रश्न विचारता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

शमन बिघडल्यास

या अभ्यासाचे महत्त्व माशीपुरते मर्यादित नाही. जपानी नेत्रवैद्य ओगुची यांनी १९०७ मध्ये एका जन्मजात रातांधळेपणाचे वर्णन केले. त्यात रोग्याचे नेत्रपटल सोनेरी झाक असलेले दिसते आणि दीर्घकाळ अंधारात राहिल्यावर ती झाक नाहीशी होते. १९९५ मध्ये अरेस्टिनच्या जनुकातील आणि १९९७ मध्ये ऱ्होडॉप्सिनवर फॉस्फेट चढविणाऱ्या विकराच्या जनुकातील दोष या रोगास कारण असल्याचे आढळले. असा रोगी आंधळा नसतो. त्याची अंधारात पाहणारी पेशी उजेडाचा प्रभाव लवकर टाकून देऊ शकत नाही. म्हणून उजेडातून अंधारात आल्यावर त्याला बराच वेळ काही दिसत नाही. आहारातील अ-जीवनसत्त्वाच्या अभावामुळे होणारा रातांधळेपणा आपल्याकडे पूर्वापार माहीत आहे. त्यात रंगद्रव्यच पुरेसे बनत नाही. ओगुचीच्या रोगात रंगद्रव्य असते, पण त्याला लगाम नसतो. लक्षण एक आणि कारणे परस्परविरुद्ध, असे हे वैद्यकातील बोलके उदाहरण आहे.

लगाम अति घट्ट बसला तरीही हानीच होते, हे माशीनेच दाखविले. २००० मध्ये दोन स्वतंत्र गटांनी असे सिद्ध केले की, काही उत्परिवर्ती माश्यांत अरेस्टिन आणि मेटाऱ्होडॉप्सिन यांची जोडी सुटत नाही. ती पेशीच्या आत ओढली जाते आणि तिच्या योगे पेशी आत्मनाश ओढवून घेते. नॉर्प-ए या दोषाच्या माशीचा डोळा प्रकाशात का झिजतो, याचा उलगडा त्यातून झाला. आवरणारा रेणू योग्य वेळी चिकटला पाहिजे आणि योग्य वेळी सुटलाही पाहिजे. नेत्रपटल हळूहळू नष्ट होऊन येणाऱ्या आनुवंशिक अंधत्वाच्या अभ्यासात या निष्कर्षांना मोल आहे.

सगळेच प्रश्न मात्र सुटलेले नाहीत. फॉस्फोलिपेझ-सीची क्रिया झाल्यावर आयनमार्ग नेमका कशाने उघडतो, यावर मतभेद आहेत. स्निग्ध पदार्थाच्या विघटनातून निघणारे रेणू, पटलातील आम्लतेचा बदल आणि सूक्ष्मांकुराचे भौतिक आकुंचन, या तीन गोष्टींना निरनिराळे अभ्यासक निरनिराळे महत्त्व देतात. हार्डी आणि फ्रांझे यांनी २०१२ मध्ये हे आकुंचन प्रत्यक्ष मोजून दाखविले. जे दार कशाने उघडते हे पुरते ठाऊक नाही, ते कशाने मिटते याचेही ज्ञान तितक्या अंशाने अपुरेच राहणार.

अध्यापनातील स्थान

या प्रदेशातील प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला फळमाशी बहुधा पांढऱ्या आणि तांबड्या डोळ्यांच्या प्रमाणगणितापुरतीच भेटते. वास्तविक तिचे संगोपन अवघड नाही. मक्याचे पीठ, गूळ, यीस्ट आणि अगर यांच्या लापशीवर ती वाढते आणि २५ अंश सेल्सियस तापमानात सुमारे दहा दिवसांत तिची एक पिढी पुरी होते. अडचण आहे ती मराठवाड्याच्या उन्हाळ्याची. तापमान ३० अंशांच्या आसपास गेले की प्रयोगशाळेतील नेहमीच्या जातीचे नर वंध्य होऊ लागतात. नांदेड-लातूरकडे वैशाखात पारा ४० अंशांच्या वर जातो. म्हणून शीतकपाटाखेरीज वाण टिकविणे कठीण. उलट, ड्रॉसोफिला अननासी ही जात भारताच्या उष्ण भागात सर्रास आढळते, आणि पिकलेले केळे ठेवलेल्या बाटलीत ड्रॉसोफिलाच्या स्थानिक जाती विनासायास येऊन पडतात.

बेन्झर यांच्या १९६७ च्या उपकरणाचे तत्त्व दोन परीक्षानळ्या तोंडाला तोंड लावून पडताळता येते : एका टोकाशी दिवा, दुसऱ्या टोकाशी माश्या, आणि ठरावीक सेकंदांनंतर दोहोंकडील मोजणी. पांढऱ्या डोळ्याचा वाण हाताशी असल्यास निळ्या आणि नारिंगी काचेतून आळीपाळीने प्रकाश टाकून, त्यानंतर माश्यांच्या धावण्यात पडणारा फरकही नोंदता येईल. ज्या घटनेवरून पाक यांनी आपली चाळणी उभारली, तिची छाया अशा रीतीने पदवीच्या वर्गात दाखविता येते.

सारांश, फळमाशीच्या नेत्रपेशीचा इतिहास हा प्रारंभाच्या शोधातून समाप्तीच्या शोधाकडे झालेला प्रवास आहे. १९६९ च्या दोषी माश्यांनी प्रथम साखळीतील दुवे दाखविले. १९९३ च्या माश्यांनी त्या साखळीला आवरणारा हात दाखविला. आणि २००० नंतरच्या प्रयोगांनी तो हात वेळेवर मागे घेणेही किती आवश्यक आहे, हे सांगितले. यांतील प्रत्येक टप्प्यावर ज्ञान मिळाले ते बिघडलेल्या डोळ्यांपासून. निर्दोष डोळ्यात प्रतिसाद इतक्या सफाईने थांबतो की, तेथे थांबविणारे कोणी आहे, याची शंकाही येत नाही.